राजा रविवर्मा : राजवाड्यातून कॅलेंडरवर



वार्तापत्राच्या या सदरात आपण दर खेपेस एका थोर व्यक्तीची ओळख करून घेतो. या खेपेस आम्ही चित्रकार राजा रविवर्मा यांची निवड केली आहे. ते मराठी नव्हते, केरळचे होते. तरी आपल्या घरांच्या भिंतींवर त्यांच्याइतका हक्क दुसऱ्या कोणत्या चित्रकाराचा असेल असे आम्हांला वाटत नाही. सरस्वती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? शुभ्र वस्त्र नेसलेली, खडकावर बसून वीणा वाजवणारी, शेजारी मोर असलेली देवी. लक्ष्मी म्हटली की कमळावर उभी आणि जवळ माळ घेतलेला हत्ती. ही रूपे पुराणांत वर्णिलेली आहेत हे खरे, पण त्यांना हा चेहरा, ही उभे राहण्याची ढब आणि ही साडी दिली ती रविवर्मांनी. मराठी वाचकांना त्यांचे नाव रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीमुळेही परिचित आहे.

परंतु आम्ही ही निवड केली त्याला आणखी एक कारण आहे. इयत्ता आठवी-नववीच्या मुलांना आम्ही जाहिरातीचा इतिहास शिकवत होतो. घरात कधी काळी फुकट आलेली वस्तू घेऊन या, असे मुलांना सांगितले होते. मुलांनी आणलेल्या वस्तूंत दुकानाचे नाव छापलेली कापडी पिशवी होती, खताच्या कंपनीची भिंतीवरची घड्याळे होती, कुणाच्या आजोबांनी जपून ठेवलेले बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघालेले प्लास्टिकचे चिमुकले प्राणी होते. (हे प्राणी पाहून काही पालकांचेच डोळे चमकले, मुलांना त्यांत विशेष काही वाटले नाही.) आणि सर्वांत जास्त होती ती कॅलेंडरे. किराणा दुकानाची, सराफाची, औषधांच्या दुकानाची. त्यांतल्या बहुतेकांवर देवाचे चित्र होते. असे का, हा प्रश्न एका मुलीने विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तर रविवर्मांपर्यंत जावे लागते.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. घराणे संस्थानाच्या राजघराण्याशी सोयरिकीने जोडलेले होते. वडील संस्कृतचे विद्वान, आई कविता करणारी. लहानपणी हा मुलगा कोळशाने वाड्याच्या भिंती रंगवून ठेवी असे सांगतात. अशा मुलाला घरोघरी काय मिळते ते आपल्या पालकांना ठाऊक आहेच! पण येथे मामा राजराजवर्मा स्वतः तंजावर शैलीची चित्रे काढीत. त्यांनी भाच्याला रागे भरण्याऐवजी हातात कुंचला दिला. चौदाव्या वर्षी, म्हणजे १८६२ साली, मामा त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी मुलाला ठेवून घेतले.

त्या काळी आपल्याकडे तैलरंगांचे तंत्र जाणणारे फारच थोडे होते, आणि जे जाणत ते दुसऱ्याला शिकवीत नसत. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार त्रावणकोर दरबारात आला. त्याने रविवर्मांना शिकवण्याचे नाकारले. काम करताना पाहू दिले, एवढेच. तेवढ्यावर या तरुणाने रंग कसे मिसळायचे, एक थर वाळल्यावर दुसरा कसा चढवायचा, कापडाची चमक आणि कातडीची चमक यांत फरक कसा दाखवायचा, हे नुसते पाहून आणि घरी येऊन करून करून आत्मसात केले. कला महाविद्यालय नाही, पदवी नाही. पाच वर्षांनी, १८७३ साली, मद्रासच्या कलाप्रदर्शनात केसांत फुलांची वेणी माळणाऱ्या नायर स्त्रीच्या त्यांच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांचा गौरव झाला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते.

येथून मराठी माणसे कथेत येतात. त्रावणकोरचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातले होते. शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजी यांच्या काळापासून तंजावरकडे मराठी वस्ती वाढली, तिथल्याच परंपरेतले हे गृहस्थ. पुढे ते बडोद्याचे दिवाण झाले. बडोद्याच्या गादीवर बसण्यासाठी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या एका शेतकरी कुटुंबातला मुलगा दत्तक घेतला होता. तेच आपले सयाजीराव गायकवाड. १८८१ साली सयाजीरावांच्या हाती राज्याची सूत्रे आली. त्या समारंभाच्या निमित्ताने माधवरावांनी रविवर्मांना बडोद्यास बोलावून घेतले. महाराजांची, महाराणींची आणि दरबारातील इतरांची चित्रे त्यांनी काढली. भोपाळमध्ये राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना ही हकीकत वाचताना फार आपलेपणा वाटतो. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा १९५६ साली, भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झाल्यावर, नागपूरहून सरकारी कामाची दप्तरे घेऊन येथे आले. माधवरावांसारखी माणसे असेच परप्रांतात काम करीत राहिली आणि जेथे गेली तेथे चार चांगल्या माणसांची गाठ घालून देत राहिली.

माधवरावांनी रविवर्मांना पत्राने एक सल्ला दिला होता. तो त्या काळाचा विचार करता विलक्षण होता. तुमच्या चित्रांना देशभरातून मागणी आहे, पण एका माणसाचे दोन हात किती चित्रे काढणार. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती करून घ्या, म्हणजे कीर्तीही वाढेल आणि देशाचीही सेवा घडेल, असा त्याचा आशय होता. हा सल्ला रविवर्मांच्या मनात बरीच वर्षे राहिला.

मध्यंतरी सयाजीरावांनी त्यांना रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा मोठी चित्रे काढण्याचे काम दिले. काम हाती घेण्यापूर्वी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांनी हिंदुस्थानभर प्रवास केला. सीता, दमयंती, द्रौपदी यांना नेमका कोणता पोशाख द्यावा हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. प्रांताप्रांताचे पोशाख वेगळे. एका प्रांताचा पोशाख दिला तर दुसऱ्याला ती परकी वाटणार. त्यांनी ठिकठिकाणच्या स्त्रियांची वस्त्रे, दागिने, बसण्या-उठण्याच्या पद्धती पाहिल्या. त्यांच्या पुष्कळ नायिका साडीत आहेत, आणि त्यांतल्या कित्येक तर आपल्या नऊवारी लुगड्यात, काष्टा घातलेल्या आहेत. आज साऱ्या देशाला देवी साडीतच दिसते, त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

ही चित्रे राजवाड्यात लागण्यापूर्वी लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली, तेव्हा माणसांची रीघ लागली. त्यांची छायाचित्रेही मोठ्या संख्येने विकली गेली. यावरून रविवर्मांच्या लक्षात आले असावे की आपला खरा गिऱ्हाईक राजवाड्यात नाही, बाहेर रस्त्यावर उभा आहे. त्या गर्दीत असेही लोक असणार की ज्यांना अनेक देवळांत पाऊलही ठेवता येत नव्हते. गाभाऱ्यातली मूर्ती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. त्यांच्यासाठी देवाचे चित्र ही शोभेची वस्तू नव्हती.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्मांची दहा चित्रे गेली आणि त्यांना पारितोषिके मिळाली. याच वर्षी, याच शहरात, स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. दुसऱ्याच वर्षी, १८९४ साली, रविवर्मांनी मुंबईत स्वतःचा छापखाना सुरू केला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे त्यांत भागीदार होते. चित्रे युरोपात पाठवण्याऐवजी त्यांनी युरोपातील यंत्रे आणि जर्मन कारागीरच येथे आणले. पहिले चित्र छापले ते शकुंतलेच्या जन्माचे.

हा छापखाना कसा चाले ते आम्ही थोडे विस्ताराने सांगतो, कारण हल्ली बटण दाबले की रंगीत पान बाहेर येते आणि मुलांना त्यामागची मेहनत कळत नाही. या पद्धतीला शिळाछाप म्हणतात. १७९६ च्या सुमारास जर्मनीत अलोइस झेनेफेल्डर याने ती शोधून काढली. तत्त्व साधे आहे : तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. बव्हेरियात मिळणाऱ्या एका विशिष्ट चुनखडी दगडाची लादी घासून गुळगुळीत करायची. तिच्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, तेही उलटे, आरशात दिसते तसे. मग दगड ओला करायचा. जेथे तेलकट रेघ आहे तेथे पाणी ठरत नाही, आणि जेथे पाणी आहे तेथे छपाईची तेलकट शाई ठरत नाही. कागद दाबला की चित्र उतरते. एका दगडावर एकच रंग. म्हणजे चित्रात जितके रंग तितके दगड, आणि एकच कागद पाळीपाळीने प्रत्येक दगडावरून जाणार. त्यात तो केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर जाणार! शेवटी वार्निशाचा हात दिला की छापील कागद तैलचित्रासारखा चकाकू लागे. अशा चित्राला ऑलिओग्राफ म्हणत. घरी नेल्यावर बायका त्यावर जरीचे तुकडे, टिकल्या, मणी शिवून देवीला आणखी नटवीत. अशी नटवलेली चित्रे आजही जुन्या वाड्यांत आढळतात.

देवांची रंगीत चित्रे छापणारे रविवर्मा पहिले नव्हेत, हे येथे सांगितले पाहिजे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ सालीच चित्रशाळा काढली होती आणि कलकत्त्यालाही त्याच सुमारास आर्ट स्टुडिओ सुरू झाला होता. पण रविवर्मांच्या चित्रांतली माणसे खरी वाटत. त्यांच्या अंगावर ऊन पडे, त्यांच्या पदराला चुण्या पडत. लोकांनी ती उचलून धरली. हिंदीचे विद्यार्थी म्हणून आम्हांला आणखी एक गोष्ट आठवते. महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या ‘सरस्वती’ मासिकात रविवर्मांची चित्रे छापून त्यांवर कवींकडून कविता लिहवून घेतल्या जात. पुढे १९०९ साली ‘कविता-कलाप’ नावाने अशा कवितांचा संग्रहही निघाला. चित्राला कविता जोडण्याचा हा प्रकार आम्ही कॉलेजात असताना नुसता परीक्षेपुरता वाचला होता. आता कळते की तेव्हाच्या वाचकांसाठी चित्र हेच मोठे आकर्षण असणार.

आता दुःखाचा भाग. छापखाना नावारूपाला आला, पण पैशाला आला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे शहर सोडून पळू लागली, कामगार मिळेनात. भागीदारीही टिकली नाही. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या लेण्यांच्या परिसरात मळवली येथे हलवावा लागला. यंत्रे जर्मनीची, कारागीर जर्मनीचे, आणि चित्र बाजारात आले रे आले की दुसरे कोणी त्याची स्वस्त नक्कल काढी. रविवर्मा स्वतः चित्रांच्या कामासाठी सतत फिरतीवर. हिशेब पाहण्याचे बरेचसे ओझे धाकट्या भावावर पडले. राजराजवर्मा हे स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होते. त्यांनी इंग्रजीत रोजनिशी लिहून ठेवली आहे आणि दोघा भावांच्या दिनक्रमाची बरीच माहिती आज आपल्याला त्या रोजनिशीमुळेच मिळते. आमच्या मते या धाकट्या भावाला इतिहासाने पुरेसा मान दिलेला नाही. अखेर कर्ज वाढत गेले आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला छापखाना विकावा लागला. विकत घेतला तो तेथेच काम करणाऱ्या फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने. यंत्रे, दगड आणि अनेक चित्रे छापण्याचे हक्क, सारे त्याच्याकडे गेले.

१९०४ साली सरकारने रविवर्मांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पण जानेवारी १९०५ मध्ये राजराजवर्मा वारले. ज्याच्याबरोबर प्रत्येक प्रवास केला, ज्याने चित्रांतली पार्श्वभूमी रंगवली, तो भाऊ गेल्यावर ते खचले. मधुमेहानेही गाठले होते. म्हैसूरच्या राजवाड्यासाठी घेतलेले काम करून ते गावी परतले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

चरित्रे साधारणपणे येथे संपतात. रविवर्मांच्या चित्रांचा सर्वांत मोठा प्रवास मात्र येथून पुढचा आहे, आणि आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे.

श्लायखर हा व्यवहारी माणूस होता. नुसती देवांची चित्रे विकून छापखाना चालणार नाही हे त्याने ओळखले आणि व्यापाऱ्यांसाठी लेबले, जाहिरातीची चित्रे छापण्यास सुरुवात केली. त्या काळी मँचेस्टरहून कापडाचे तागे येत, त्यांवर रंगीत चित्राचे लेबल चिकटवलेले असे. गिऱ्हाइकाला अक्षर वाचता येत नसले तरी हत्तीछाप, कृष्णछाप, लक्ष्मीछाप म्हणून कापड मागता येई. तागा संपला की लेबल सोडवून लोक भिंतीवर लावीत. स्वीडनहून येणाऱ्या काड्यापेट्यांवर रविवर्मांच्या चित्रांच्या नकला दिसू लागल्या. जर्मनीत त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीवरून चिनीमातीच्या छोट्या मूर्ती बनून हिंदुस्थानच्या बाजारात आल्या. या कशाचाही पैसा किळिमानूरला पोचला असेल असे वाटत नाही.

आपल्याकडेच असे चालले होते असे मात्र कोणी समजू नये. युरोपात मांसाचा अर्क विकणारी लीबिग कंपनी १८७० च्या दशकापासून गिऱ्हाइकांना सुंदर चित्रांची कार्डे देत असे. ती जमवण्याचा लोकांना छंदच लागला. अमेरिकेत सिगारेटची पाकिटे दबू नयेत म्हणून आत जाड कागद घालीत, त्या कागदावर चित्रे छापण्याची युक्ती कोणाला तरी सुचली आणि मुले बापाच्या मागे लागून तीच पाकिटे आणवू लागली. (या प्रकारात सिगारेटचा खप वाढला हे सांगताना आम्हांला मुळीच आनंद होत नाही.) १८८९ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातील रेड ओक या छोट्या गावी दोघा वृत्तपत्रवाल्यांनी चित्र, तारखा आणि भोवती दुकानदारांच्या जाहिराती असे कॅलेंडर छापले, आणि त्यातून कॅलेंडर छपाईचा मोठा धंदा उभा राहिला.

इंग्लंडातली एक हकीकत तर रविवर्मांच्या हकीकतीची जुळी बहीण शोभेल. जॉन मिले या प्रसिद्ध चित्रकाराने १८८६ साली आपल्या नातवाचे चित्र काढले. साबणाचे बुडबुडे हवेत सोडून वर पाहणारा गोड मुलगा. ते चित्र फिरत फिरत पीअर्स साबणाच्या कंपनीकडे गेले. कंपनीचे काम पाहणाऱ्या टॉमस बॅरट यांनी त्यात साबणाची वडी घालून त्याची जाहिरात केली. मिले यांना ते रुचले नाही, पण हक्क विकले गेले होते. चित्रातला तो मुलगा पुढे इंग्लंडच्या नौदलात ॲडमिरल झाला, तरी त्याच्या मागचे बुडबुडे हे टोपणनाव काही सुटले नाही.

आता आपल्याकडच्या कॅलेंडरांकडे वळू. जाहिरातीची चिठ्ठी वाटली तर माणूस वाचून फेकून देतो. फुलाचे किंवा डोंगराचे चित्र असलेले कॅलेंडर वर्षभर राहते आणि १ जानेवारीला खाली उतरते. पण देवाचे चित्र? ते पायदळी येता कामा नये, रद्दीत जाता कामा नये. तारखांचा कागद फाडून टाकला तरी चित्र राहते, कापून काच-चौकटीत बसवले जाते, त्याला हळदकुंकू लागते. आणि त्याच्या खाली असलेले साबणाचे, बाळगुटीचे किंवा दुकानाचे नावही त्याच्याबरोबर राहते. एवढी टिकाऊ जाहिरात दुसरी कोणती? बाळांच्या पोटदुखीवरील वुडवर्ड्स ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरावर बाळकृष्ण आला तो याच हिशेबाने. आईने त्या बाळकृष्णाला नमस्कार केला की बाटलीचे नावही रोज डोळ्यांखालून जाई. परदेशी कंपन्यांना येथील माणसाच्या मनाची ही बाजू बरोबर कळली होती. आजही आपल्या शहरात पिंपळाच्या पारावर जुनी देवांची कॅलेंडरे ठेवलेली दिसतात. फेकवतही नाहीत आणि ठेवायला जागाही नाही, म्हणून लोक ती पिंपळाच्या स्वाधीन करतात. पिंपळाने त्यांचे काय करावे, हा विचार कोणी करत नाही.

या कामात रविवर्मांनंतर आपली मराठी माणसेही पुढे होती. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तेथेच शिकवू लागले. त्यांनी पोस्टकार्डे, भित्तिचित्रके, कॅलेंडरे, पुस्तकांची चित्रे असे नाना प्रकारचे काम केले आणि त्यात कमीपणा मानला नाही. त्यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन मोठ्या मुलांनी जरूर मिळवून वाचावे. पुढच्या पिढीत रघुवीर मुळगावकर यांच्या देवदेवतांनी महाराष्ट्रातील घराघरांत जागा मिळवली. आणि रविवर्मा छापखान्याच्या दगडांवर काम केलेला आणखी एक तरुण होता, त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके. तेथे छपाईचे काम करून त्याने पुढे स्वतःचा छापखाना काढला, तोही सोडला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. दादासाहेब फाळक्यांच्या पडद्यावरचे देव आणि राजे रविवर्मांच्या चित्रांसारखे उभे राहतात, बसतात, हे जाणकारांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. ते सहज पटण्यासारखे आहे.

कलेच्या जगात मात्र रविवर्मांच्या वाट्याला पुष्कळ टीका आली. कलकत्त्याकडील विद्वानांना ही चित्रे परदेशी तंत्राची उसनवारी वाटली. भगिनी निवेदितांनाही ती आवडली नाहीत. नंतरच्या काळात एखादे चित्र भडक आहे असे म्हणायचे असेल तर ते कॅलेंडरसारखे आहे म्हणण्याची रीतच पडली. आम्ही चित्रकलेचे जाणकार नाही, तरी एक सांगावेसे वाटते. कॅलेंडरावर उतरलेल्या चित्रांतील बरीच चित्रे रविवर्मांची नव्हतीच. छापखाना हातचा गेल्यावर तेथे दुसऱ्या चित्रकारांकडून नवी चित्रे काढून घेतली जात, आणि खाली नाव असे रविवर्मा प्रेसचे. बाहेरचे नकलाकार वेगळेच. दुसऱ्यांच्या हातच्या फिकट नकलांचा दोष मूळ माणसाला लागत राहिला. दोष द्यायचाच तर आधी मूळ चित्रे पाहावीत. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील संग्रहालयात आणि तिरुवनंतपुरमच्या चित्रालयात ती पाहता येतात. शाळेच्या सहलीचे ठिकाण ठरवताना विश्वस्त मंडळींनी बडोद्याचा विचार अवश्य करावा, अशी आमची विनंती आहे.

१९७१ साली भारतीय टपाल खात्याने रविवर्मांचे तिकीट काढले. १९७९ साली त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलासंपत्तीचा दर्जा मिळाला. त्यामुळे मूळ चित्र आता देशाबाहेर विकून नेता येत नाही. मळवलीचा छापखाना श्लायखर आणि त्याच्यानंतरच्यांनी पुष्कळ वर्षे चालवला. १९७२ साली तेथे मोठी आग लागली आणि त्यात छापखाना तर गेलाच, पण जुनी कितीतरी चित्रेही जळून गेली. तोवर कॅलेंडर छपाईचे केंद्र तामिळनाडूतील शिवकाशीकडे सरकले होते. दुसऱ्याच वर्षी, १९७३ साली, जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले. आपल्या भोपाळमधल्या घरांत ते आणि जबलपूरचे लाला रामस्वरूप पंचांग बहुधा शेजारीशेजारी टांगलेले असतात. ही दोन्ही मात्र आपण विकत आणतो. लोक कॅलेंडरासाठी खिशातून पैसे काढतील असे रेड ओकच्या त्या दोघांना कोणी सांगितले असते तर त्यांना ते खरे वाटले नसते.

फुकट वस्तूंबद्दल पालकांशी एक गोष्ट बोलायची आहे, ती येथेच बोलून घेतो. दर वर्षी जुलै महिन्यात शाळेच्या फाटकाबाहेर वेळापत्रकाची कार्डे, वह्यांची कव्हरे, पेने वाटली जातात. त्यांवर शिकवणी वर्गांची नावे आणि गुण मिळवलेल्या मुलांचे फोटो असतात. वस्तू चांगल्या असतात आणि मुलांना त्या घेऊ नका म्हणणे आम्हांला जमत नाही. वर्गात आम्ही एवढेच करतो की असे एखादे कार्ड फळ्यावर लावून मुलांना विचारतो : हे कोणी छापले असेल, किती खर्च आला असेल, आणि तो खर्च कोणाच्या फीमधून निघेल? मुले उत्तर फार लवकर शोधतात. शाळेच्या आत, वह्यांवर आणि भिंतीवर, असे साहित्य घ्यावे की नाही हा प्रश्न येत्या बैठकीत कार्यकारिणीपुढे आहे. आमचे मत न घेण्याकडे झुकते. पण गरजू मुलांना फुकट वह्या मिळत असतील तर नाकारण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हेही मनात येते. पालकांनी आपले मत लेखी कळवावे.

मुलांनी आणलेल्या कॅलेंडरांची यादी ग्रंथालयात ठेवली आहे. ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या काळातली देवांची चित्रे असतील त्यांनी चित्राच्या अगदी खालच्या कडेला पाहावे. तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेस आणि कार्ला किंवा लोणावळा असे लिहिलेले असेल तर ते चित्र मळवलीच्या त्या छापखान्यातले असण्याचा संभव आहे. असे चित्र चौकटीतून काढू नये. जुना कागद काचेला चिकटलेला असतो आणि ओढला की फाटतो. चौकटीसकट शाळेत आणावे, आम्ही फोटो काढून त्याच दिवशी परत देऊ.